उपाशी वाफे

अकरा नंबरच्या वाफ्यानं त्या सकाळी एक किलो सातशे ग्रॅम स्ट्रॉबेरी दिली आणि मी ओल्या पेंढ्यावर मटकन बसले.

“काय झालं बाई? चक्कर आली का?” रोजंदारीवरच्या कौसाबाईनं विचारलं. तिच्या हातात फळांची टोपली होती आणि चेहरा असा फुलला होता, की पोरगी बोर्डात आली असावी.

“काटा नीट बघितलात ना? एक किलो सातशे?”

“सातशेच्या वर तीन फळं हायेत. पाखरानं टोचलेली तुमी धरत न्हाई, म्हनून बोलले न्हाई.”

“अहो, पण हा उपाशी वाफा आहे!”

“आसंल,” कौसाबाई म्हणाली, आणि एकाएकी तिला पलीकडच्या वाफ्यातलं तण फार महत्त्वाचं वाटू लागलं.

ही एक्क्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. पाचगणीच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत आमचं फळ संशोधन केंद्र होतं. हवा अशी, की पावसाळा सोडला तर वर्षभर एकच ऋतू, अर्ध्या बाह्यांच्या स्वेटरचा. स्ट्रॉबेरीला ती हवा मानवायची आणि मलाही. मी चोवीस वर्षांची होते, शेतकीची एम.एस्सी. नुकतीच झालेली, एक वर्षाच्या तात्पुरत्या नेमणुकीवर आलेली. नाव वैजयंती खुटवड, हुद्दा संशोधन सहायक, आणि स्वतःबद्दलचं मत हुद्द्यापेक्षा बरंच वरचं.

आमच्या भागातले बागायतदार स्ट्रॉबेरीला खत घालायचे ते जावयाला जेवू घातल्यासारखं. नको नको म्हटलं तरी आणखी एक वाढा. जमिनी खारवत चालल्या होत्या, विहिरींचं पाणी मचूळ लागत होतं. माझं म्हणणं होतं, की शिफारशीच्या निम्म्या खतातही माल तेवढाच येतो. पण म्हणणं माझं एकटीचं होतं, आणि म्हणण्याला वजन नसतं. वजन काट्यावर दाखवावं लागतं. म्हणून वीस गादीवाफे केले, प्रत्येकात साठ रोपं. चार वाफ्यांना पूर्ण खत, चारांना पाऊण, चारांना निम्मं, चारांना पाव, आणि उरलेल्या चारांना काहीच नाही, नुसतं पाणी. कुठल्या वाफ्याला काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. काहीच न मिळणारे वाफे निघाले तीन, नऊ, अकरा आणि अठरा. हे चार रोडावले, तरच बाकीच्यांना खतानं किती फायदा झाला ते मोजता येणार होतं. कागदावर त्यांचं नाव ‘शून्य मात्रा’. कौसाबाईनं पहिल्याच दिवशी त्यांना नाव दिलं, उपाशी वाफे. तेच चिकटलं.

पंचवीस फेब्रुवारीला विद्यापीठाची समिती येणार होती. प्रयोग धड निघाला तर मला मुदतवाढ मिळणार होती. नाही निघाला तर लोणंदला माझ्या मामांचं खतांचं दुकान होतं आणि तिथली गल्ल्यामागची खुर्ची त्यांनी माझ्यासाठी पुसून ठेवली होती. म्हणजे ज्या पोत्यांविरुद्ध मी वर्षभर भांडले, तीच पोती मी जन्मभर विकायची. मामा स्वभावानं फार चांगले होते. तेच तर भय होतं.

आणि आता उपाशी वाफा पूर्ण खत खाणाऱ्या वाफ्यापेक्षा दोनशे ग्रॅम जास्त देत होता. मी जुनी पानं चाळली. डिसेंबरात चारही उपाशी वाफे शहाण्यासारखे मागे होते. जानेवारीत ते हळूहळू वर सरकले. मी त्याला काट्याची चूक समजले होते. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं. फक्त इथं कुत्रं पीठ खात नव्हतं, आणून टाकत होतं. कोण, ते शोधायचं होतं.

पहिला सुगावा मुंग्यांनी दिला. अठरा नंबरच्या वाफ्यात त्यांची रांग लागली होती. पेंढा उचलला, तर खाली प्रत्येक रोपाच्या बुंध्याशी चहाचा चोथा निगुतीनं पसरलेला, आणि त्यात वेलदोड्याची सालं. केंद्रात वेलदोड्याचा चहा एकच माणूस प्यायचा. मी तडक हेडक्लार्क केळुसकरांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले.

“केळुसकर, अठरा नंबरमध्ये चहाचा चोथा तुम्ही टाकता?”

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. “टाकतो म्हणजे? टाकाऊ वस्तूची विल्हेवाट लावतो.”

“ते खत आहे! त्या वाफ्याला खत द्यायचं नाही, हे तुम्हीच टाइप केलेल्या आदेशात आहे.”

“खत?” केळुसकरांनी कपाट उघडून साठा रजिस्टर काढलं आणि माझ्यापुढं सारलं. “युरिया आहे, सुपर फॉस्फेट आहे, पोटॅश आहे. यात चहाचा चोथा कुठं आहे तो दाखवा. दाखवलात, तर आत्ता मेमो घेतो.”

मी रजिस्टर मिटलं. “पण का टाकता?”

केळुसकरांनी खिडकीबाहेर पाहिलं. अठरा नंबर त्यांच्या खिडकीखालीच होता. “दिवसभर समोर दिसतो हो तो,” ते हळू आवाजात म्हणाले. “आम्ही दोनदा चहा प्यायचा, आणि त्यानं नुसतं बघत राहायचं?”

तीन नंबर फाटकाजवळ होता. तिथं पेंढ्याखाली लेंड्या निघाल्या. वॉचमन रज्जाकभाई मुलाणी फाटकावर बसत आणि त्यांची बकरी कुंपणाबाहेर चरत असे.

“बकरी घुसली असंल बाई,” मुलाणीचाचा आकाशाकडं बघत म्हणाले. “मुकं जनावर. त्याला तुमचा प्रयोग काय ठावं?”

“चाचा, बकरी लेंड्या रांगेनं टाकते?”

“काय की.”

“प्रत्येक रोपाला पाच-पाच? मी मोजल्यात.”

चाचांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग मान हलवून म्हणाले, “हुशार हाय हो बकरी.”

मला हसू आलं आणि हसू आलं म्हणून रागही आला. वरातीमागून घोडं दामटणं चाललं होतं. चोर सापडले, तरी दोन महिन्यांच्या चोऱ्या परत येणार नव्हत्या.

अकरा नंबरसाठी मी दुपारच्या सुट्टीत सिल्व्हर ओकच्या बुंध्याआड थांबले. मजूर बाया भाकरी खायला शेडकडं गेल्या. पाच मिनिटांत कौसाबाई एकटी परत आली. हातात झाकणाची बरणी. तिनं इकडंतिकडं पाहिलं, खाली बसली आणि रोपारोपाला वाटीनं काहीतरी घालू लागली. वास माझ्यापर्यंत आला, भिजवलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा.

“कौसाबाई!”

ती दचकली नाही. हातातली वाटी ओतून पूर्ण केली, पुढचं रोपही उरकलं आणि मगच उठली.

“बगितलंत तर बगितलंत,” ती म्हणाली.

“अहो, का? मी किती वेळा समजावलं होतं! या वाफ्यांना काही मिळालं तर सगळा प्रयोग फुकट जातो. माझी नोकरी जाते!”

“ते समदं समजलं मला. म्या काय येडी न्हाई.” तिनं पदरानं हात पुसले. “बाई, पंचवीस वर्सं हितं राबतीया. तुमी म्हनलात लाव, म्या लावलं. वीसच्या वीस वाफं या हातानं लावलं. पंगतीला बसवल्यावानी वळीनं बसवलं. अन् मंग तुमी म्हनता, सोळा पानांत वाढ आणि चार पानांकडं बगू नको. आवो, पंगतीत बसवल्यावर पान मोकळं ठेवत्यात का कुटं? वैऱ्याच्याबी पानात वाढत्यात. म्या दर सोमवारी त्येंच्यासमोरनं झारी घेऊन जायाची. ती आपली टकामका बगायची.”

“रोपं बघत नाहीत, कौसाबाई.”

“तुमच्याकडं बगत नसत्याल,” ती म्हणाली, आणि बरणीला झाकण लावून भाकरी खायला निघून गेली.

मी तिच्यामागं गेले नाही, वाफ्यावरचा पेंढा सारखा केला.  

राहिला नऊ नंबर. तो सगळ्यांत टोकाला, हवामानाच्या पांढऱ्या झडपांच्या पेटीजवळ होता. त्याचा माल अकराइतका नव्हता, पण वाढला होता नक्की. त्याला कोण घालतं, हे मी शोधलं नाही. वेळ नाही, असं स्वतःला सांगितलं.

केंद्रप्रमुख होते डॉ. सोहोनी. सडसडीत, इस्त्रीचे कपडे, खिशात कायम एक छोटी काळी डायरी. ‘आकड्याला आईबाप नसतात’ हे त्यांचं आवडतं वाक्य. म्हणजे आकड्याची बाजू कुणी घ्यायची नाही, जो आला तो लिहायचा. एकदा शिपायानं रजेच्या अर्जात ‘थोडा ताप आहे’ असं लिहिलं, तर त्यांनी अर्ज परत केला, शेरा मारून, ‘थोडा म्हणजे किती अंश?’ रोज सकाळी हवामानाची नोंद ते स्वतः घ्यायचे, कारण पाऱ्याची रेघ दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघणं त्यांना मान्य नव्हतं. अशा माणसाला जाऊन सांगायचं होतं, की तुमच्या केंद्रातल्या नियंत्रित प्रयोगाला सगळं केंद्र मिळून जेवू घालतं आहे.

मी सांगितलं. नावं घेतली नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

“चारही वाफ्यांना?” त्यांनी विचारलं.

“चारही, सर.”

“नऊलासुद्धा?”

“हो, सर.”

ते खिडकीशी गेले. “आकडे जसे आहेत तसे मांडा, मिस खुटवड.”

“आणि कारण विचारलं तर?”

“विचारलं तर खरं सांगायचं,” ते माझ्याकडं पाठ करून म्हणाले. त्या दिवशी त्यांचा आवाज जरा बसलेला वाटला. थंडी असेल, असं मला वाटलं.

समितीच्या अध्यक्षा होत्या डॉ. मंदाकिनी दाभाडे. त्यांची कीर्ती त्यांच्या आधी घाट चढून आली होती. एका केंद्रावर त्यांनी म्हणे एका दिवसात सात प्रयोग बंद केले होते आणि आठवा दुपारच्या जेवणामुळं वाचला होता. हातात लाल पेन्सिल. सोबत दोन सदस्य, ज्यांचं काम मान हलवण्याचं होतं आणि ते ती मन लावून हलवत होते.

बैठक फळं निवडायच्या शेडमध्ये भरली. मी तक्ता भिंतीवर लावला. लाल पेन्सिल वरून खाली आली आणि शेवटच्या ओळीवर थांबली.

“शून्य मात्रा,” दाभाडेबाई म्हणाल्या. “आणि उत्पादन सगळ्यांत जास्त. मिस खुटवड, हे मी विद्यापीठाला कळवू का? म्हणजे उद्यापासून खतांचे कारखाने बंद करायला बरं.”

सदस्य हसले. माझ्या डोळ्यांपुढं मामांच्या दुकानातली ती खुर्ची आली. तिच्यावर गादीसुद्धा होती.

“मॅडम, शून्य मात्रेच्या वाफ्यांना बाहेरून खत मिळालं आहे. हा तक्ता विश्वासार्ह नाही. देखरेख माझी होती, जबाबदारीही माझीच.”

“कोणी दिलं?”

“ते मी सांगणार नाही.”

“सांगणार नाही?” त्यांच्या भुवया वर गेल्या. “मग मी काय लिहू? वाफ्यांनी एकमेकांना दिलं?”

कौसाबाई दारात स्ट्रॉबेरीच्या बश्यांचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे शांतपणे टेबलावर ठेवला.

“अकराला म्या घातलं,” ती म्हणाली. “पेंड. बुधवारी अन् शनवारी, रोपाला येक वाटी. संक्रातीला तिळाचीबी घातली. बाईंना ठावं न्हवतं. त्येंनी पकडलं तवा मला लई बोलल्या.”

ती धादांत खोटं बोलली. मी तिला धड रागावलेही नव्हते.

खिडकीबाहेरून मुलाणीचाचांचा आवाज आला. “तीन नंबर माझा, साहेब. बकरीचं नाव घेतलं होतं, ते माघारी घेतो.”

मग शेडच्या कोपऱ्यात टिपणं घेत बसलेले केळुसकर उठले, शर्ट खाली ओढला आणि म्हणाले, “अठरा नंबर. चहाचा चोथा, दिवसातून दोन वेळ. रजिस्टरात नोंद नाही, ही माझी चूक समजावी.”

दाभाडेबाईंची पेन्सिल हवेतच राहिली होती. त्या डॉ. सोहोनींकडं वळल्या. “सोहोनी, तुमच्या केंद्रात हे काय चाललंय? इथं प्रयोग करता की अन्नछत्र चालवता?”

डॉ. सोहोनी उठून उभे राहिले. त्यांनी खिशातून काळी डायरी काढली. कुठल्याही अहवालाचं वाचन करावं, तशा कोरड्या आवाजात त्यांनी सुरुवात केली.

“वाफा क्रमांक नऊ. नऊ डिसेंबर, रविवार. विद्राव्य खत एकोणीस-एकोणीस-एकोणीस, लिटरला पाच ग्रॅम, एकूण सहा लिटर. वेळ सकाळी सात वीस. सोळा डिसेंबर, तेच. तेवीस डिसेंबर, लिटरला चार ग्रॅम, कारण पानांच्या कडा सुधारल्या होत्या. तीस डिसेंबर...”

 कौसाबाईचा हात तोंडावर गेला. ज्या माणसाला आम्ही सगळे चळाचळा कापत होतो, तो दर रविवारी सकाळी चोरून एका वाफ्याला खाऊ घालत होता, आणि चोरीची नोंद ठेवल्याशिवाय त्याला राहवत नव्हतं.

“तुम्ही?” दाभाडेबाई म्हणाल्या. “कुंपण शेत खातं हे ऐकलं होतं. कुंपण शेताला भरवतं, हे आज पाहते आहे.”

“हवामानाची नोंद घ्यायला रोज तिथं जातो,” डॉ. सोहोनी म्हणाले. “रोज दिसायचा. सबब नाही, कारण सांगतो आहे.” आणि त्यांनी पुढं वाचायला घेतलं. “सहा जानेवारी, लिटरला चार ग्रॅम...”

पान उलटलं. त्यांचे डोळे त्या पानावर थांबले. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, अगदी मुद्दाम पाहिलं नाही, आणि आणखी एक पान उलटलं. “वीस जानेवारी,” त्यांनी वाचलं.

माझे कान तापले. सहानंतर वीस. मध्ये तेरा तारखेचा रविवार होता, आणि तेराच्या दुसऱ्या दिवशी संक्रांत. त्या पानावर काय असणार, हे मला ठाऊक होतं. त्या सकाळी पांढऱ्या पेटीमागून एक खोकला मी ऐकला होता आणि वारा असेल, असं स्वतःला बजावलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते महिनाभर माझ्या मनात लखलखत होतं.

पान उलटलेलंच राहिलं असतं तर मी वाचले असते. सगळी चूक चार भोळ्या माणसांची, संशोधक बिचारी निर्दोष, एवढ्यावर मुदतवाढ मिळाली असती. स्वतःच्या प्रयोगात स्वतःच हात घालणाऱ्याला मात्र कुठलं विद्यापीठ ठेवतं? डॉ. सोहोनींसारखा माणूस, ज्यानं शिपायाचा ताप अंशात मागितला, तो माझ्यासाठी एक पान गिळत होता. आणि पलीकडं कौसाबाई उभी होती, जिला मी सांगितलं होतं, की रोपं बघत नाहीत.

“सर,” मी म्हणाले.  “मधलं एक पान राहिलं.”

“मिस खुटवड, आवश्यकता नाही.”

“आकड्याला आईबाप नसतात, सर.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग पान मागं उलटलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज अडखळला.

“तेरा जानेवारी. ताप, एकशे एक अंश. मात्रा देता आली नाही. चौदा जानेवारी, सोमवार. राहिलेली मात्रा देण्यास गेलो. सकाळी सात दहा. वाफा क्रमांक नऊ येथे वै. खु. उपस्थित. पूर्ण मात्रेचं उरलेलं द्रावण, अंदाजे अर्धी बादली, वाफ्यास दिलं. देताना ती रोपांशी काही बोलत होती, शब्द ऐकू आले नाहीत. मी माझी मात्रा दिली नाही. दोघांची मिळून जास्त झाली असती.”

शब्द कुणाला ऐकू आले नव्हते, ते बरंच झालं. “तिळगूळ घ्या” असं म्हणत होते मी. सणाची सुट्टी म्हणून सोमवारचं खत पहाटेच उठून मी घातलं होतं, बादलीत थोडं उरलं होतं, नऊ नंबरची पानं कडेनं लाल पडून आखडली होती, आणि सोळा वाफ्यांना घालून झाल्यावर ती उरलेली अर्धी बादली गटारात ओतायला माझा हात धजला नव्हता. एकदाच. पण एकदा केलं म्हणजे केलंच.

दाभाडेबाईंनी लाल पेन्सिल खाली ठेवली. समोरची स्ट्रॉबेरीची बशी जवळ ओढली. मग एक उचलून खाल्ली.

“ही कितव्या वाफ्याची?” त्यांनी विचारलं.

“अकराची,” कौसाबाई म्हणाली.

“गोड आहे,” त्या म्हणाल्या, आणि तक्त्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल फुली मारली.

प्रयोग रद्द झाला. मी सामान बांधायला लागले, मामांना पत्रही टाकलं. आठ दिवसांनी विद्यापीठाचा लिफाफा आला. आत दोन ओळींत मला एक वर्षाची मुदतवाढ होती, प्रयोग पुन्हा करण्यासाठी. खाली अट होती, की शून्य मात्रेच्या चारही वाफ्यांवर तारेच्या जाळीचे पिंजरे बांधावेत, पाणी बाहेरून नळीनं सोडावं, पिंजऱ्यांना कुलूप लावावं आणि किल्ली केंद्रातल्या कुणाकडंही ठेवू नये. ‘कुणाकडंही’ या शब्दाखाली लाल रेघ होती. फळं तोडायला दर वेळी विद्यापीठाचा माणूस किल्ली घेऊन यायचा होता.

पण कुलपानं कौसाबाई थांबली असती, असं मला वाटत नव्हतं. जाळीतून वाटी जात नसली तरी चमचा जातो. ऑक्टोबरात लावणीच्या दिवशी मी तिला घेऊन बांधावर बसले आणि पहिल्यांदा नीट सांगितलं. खारवलेल्या जमिनी, मचूळ झालेल्या विहिरी, आणि हे चार वाफे खरोखर उपाशी राहिले तर खालच्या गावांत किती पोती कमी लागतील, ते. मागच्या वर्षी मी तिला फक्त हुकूम दिला होता.

कौसाबाईनं ऐकून घेतलं. हातातलं मातीचं ढेकूळ चुरून बारीक केलं.

“म्हंजी ह्येंनी गावासाठी उपास धरायचा,” ती म्हणाली. “नवसाचा उपास म्हना की.”

“तसंच म्हणा.”

“मंग ते आदी का न्हाई सांगितलं? पंगतीत बसवून न वाढनं येगळं, आन् नवसाचा उपास येगळा. नवसाचा उपास मोडनाऱ्याचं वाटुळं हुतं.” ती उठली, चारही वाफ्यांपुढं जाऊन वाकली आणि प्रत्येकाच्या मातीला हात लावून आली.

त्या हंगामात एकाही उपाशी वाफ्यात दाणाभर काही पडलं नाही. ते सुकले, आखडले, लाल पडले, आणि काट्यानं पहिल्यांदा खरं सांगितलं. निम्म्या खताचे वाफे पूर्ण खताच्या बरोबरीनं आले.

मार्चमध्ये किल्ली घेऊन स्वतः दाभाडेबाईच आल्या. नऊ नंबरच्या पिंजऱ्यात वाकून शिरल्या. मी, कौसाबाई आणि डॉ. सोहोनी बाहेर उभे होतो. त्यांनी पानं उलटून पाहिली, एक-दोन खुरटी फळं हातात घेतली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी त्या जाळीपाशी आल्या आणि इकडंतिकडं पाहून आवाज बारीक केला.

“खुटवड,” त्या म्हणाल्या, “नोंदी तर जवळजवळ झाल्याच आहेत. यांना अगदी थोडंसं, म्हणजे नुसतं चवीपुरतं काही...”

“न्हाई,” कौसाबाई म्हणाली. “तुमी भाईर या बाईसाहेब.”

दाभाडेबाई मुकाट्यानं बाहेर आल्या. किल्ली त्यांच्या हातातून कौसाबाईनंच घेतली आणि कुलूप लावलं. लावताना तिनं वाफ्याकडं एकदाही पाहिलं नाही.